पुस्तकाच्या पाठीवरचा जिना

"मुलीला क्रम कळत नाही," असं बालवर्गाच्या बाई म्हणाल्या आणि आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्रम! चौतीस वर्षं ती छापखान्याच्या बांधणी खात्यात उभी होती. टेबलाभोवती फिरत एकेक गठ्ठा उचलायचा, एकावर एक ठेवायचा, ठोकून सारखा करायचा, शिवायचा. दिवसाला किती फेऱ्या होत ते तिच्या गुडघ्यांना विचारा. त्या चौतीस वर्षांत पान मागेपुढे झालेलं एकही पुस्तक तिच्या हातून बाहेर पडलं नव्हतं. आणि तिनं वर्षभर घरी शिकवलेल्या पोरीला क्रम कळत नाही?

"रागावू नका, आजी," बाई म्हणाल्या.

"आजी नाही. आत्या."

ती ठकीच्या बापाची आत्या. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. भाऊ आणि भावजय लवकर गेले तेव्हा भाच्याला तिनंच वाढवलं. घरात सगळेच तिला आत्या म्हणत, भाचेसूनसुद्धा, म्हणून चार वर्षांची ठकीही आत्याच म्हणायची. भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. भाचेसून इस्पितळाच्या धुलाई खात्यात होती. दोघं सकाळी सातला बाहेर पडत, ते दिवेलागणीला परत.

ठकीला दिवसभराच्या बालवर्गात घालायचं, असं वर्षापूर्वीच ठरत आलं होतं. आत्या तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. ती आडवी आली.

"आठ ते पाच? एवढ्याशा पोरीला? छापखान्यात मलासुद्धा मधली सुट्टी मोठी होती."

"अगं आत्या, तिथे शिकवतात," भाचा म्हणाला.

"मग मला येत नाही का? वर्षभर द्या. मी घरी शिकवते. वर्ष संपलं की त्यांनाच दाखवा. कच्ची निघाली तर घाला खुशाल, मी हूं की चूं करणार नाही."

शब्द तिचाच होता. आणि दिलेला शब्द ती पाळायचीच. दुसऱ्यानं शब्द फिरवला की त्याच्याशी बोलणं सोडायची, म्हणजे स्वतः फिरवायची सोयच नव्हती.

आणि वर्षभर तिनं कष्ट घेतले, त्यात खोट काढायला जागा नव्हती. शेजारणीनं नातवासाठी बुद्धी वाढवणारा म्हणून प्लॅस्टिकचा एक संच आणला होता. बटण दाबलं की गाय ओरडायची. "गाय ओरडते, पोरगं गप्प बसतं," आत्या म्हणाली, "बुद्धी नक्की कुणाची वाढते?" तिनं बटणांचा डबा काढला. रंगाप्रमाणे लाव, भोकांप्रमाणे लाव, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. बादलीत पाणी आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश देऊन गच्चीची भिंत रंगवायला लावली. दहा मिनिटांत भिंत वाळायची, पुन्हा रंगवायची. रविवारी चौघं मिळून बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि उतरून तशीच परत यायची. एवढ्या वेळात मोबाइल बाहेर काढला तर आत्या भाच्याच्या हातावर चापटी मारायची.

पण सगळ्यांत मोठं काम पुस्तकांचं. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याच्या मुकादमानं तिला मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचे बिघडलेले कागद दिले होते. कुठे रंग सरकलेला, कुठे शाई फासलेली. मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा पानांचा गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकमेकांना शिवले की पुस्तक. आत्यानं त्या फर्म्यांची अकरा पुस्तकं शिवली. कापड वाचावं म्हणून पाठ उघडीच ठेवली, त्यामुळे दोरा दिसायचा आणि पाठीवरच्या काळ्या खुणाही. दर फर्म्याच्या पाठीवर एक खूण असते, पुढच्या फर्म्याची थोडी खाली, त्याच्या पुढच्याची आणखी खाली. फर्मे बरोबर लागले की पाठीवर जिना उतरतो. एक पायरी चुकली की पुस्तक चुकलं. आत डोकवायचं कारणच नाही. आत्यानं हजारो पुस्तकं बांधली ती या जिन्यावर. वाचलं त्यातलं एकही नाही. वेळ कुणाला होता?

ठकीला हा जिना फार आवडायचा. पुस्तक उघडायच्या आधी ती पाठीवरून बोट फिरवायची आणि ओरडायची, "जिना बरोबर!" मगच पान उलटायची.

अशी तयारी करून त्या शनिवारी आत्या, भाचा आणि ठकी बालवर्गात गेले होते. बाईंनी ठकीपुढे चित्रांचे चार पत्ते ठेवले. चिखलानं माखलेला मुलगा, पाण्याची बादली, टॉवेल, स्वच्छ कपडे. "आधी काय झालं, मग काय झालं, लाव बघू."

आत्याचं लक्ष पत्त्यांकडे. कटाई वाकडी. मुलाच्या ओठांचा लाल रंग गालावर गेलेला. असा माल तिनं टेबलावरूनच मागे पाठवला असता. ठकीनं पत्ते उचलले, एकावर एक ठेवले, टेबलावर ठोकून सारखे केले आणि कडेवरून बोट फिरवलं. मग उलटे करून दुसऱ्या कडेवरून फिरवलं. मग खांदे उडवले आणि लावले: टॉवेल, स्वच्छ कपडे, चिखल, बादली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "चित्राकडे लक्षच नाही. पत्त्यांशी खेळत बसली."

"खेळत नाही ती!" आत्या उभीच राहिली. "खुणा बघतेय. तुमच्या पत्त्यांना खुणाच नाहीत. खूण नसेल तर सुटे कागद, कसेही लावा. बरोबरच केलं तिनं."

"कसल्या खुणा?"

आत्यानं सांगितलं. फर्मा, पाठ, जिना, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण गोष्ट कळायला हवी ना?" आणि भाच्याच्या हातात प्रवेशाचा फॉर्म दिला. सोमवारपासून, आठ ते पाच.

"छान आहे हो!" रस्ताभर आत्या धुमसत होती. "मी काय नकला करून दाखवल्या? चौतीस वर्षांचं काम आणि छान आहे हो!"

"आत्या, शब्द तुझाच होता," भाचा म्हणाला.

"मला आठवतंय. मी काय विसरभोळी आहे?"

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि ठकीला समोर बसवलं. बाई चुकल्यात हे तिला सिद्ध करायचं होतं, निदान स्वतःपुरतं तरी. तिनं हत्तीचं पुस्तक काढलं. शंभरदा वाचलेलं.

"सांग. काय होतं यात?"

"जिना बरोबर," ठकीनं आधी बोट फिरवलं. "हत्तीची छत्री हरवली. तो शोधायला गेला. विहिरीत बघितलं. झाडावर बघितलं. मग बेडकानं अस्वलाचे केस कापले."

"मग छत्री?"

"छत्री संपली."

आत्यानं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

त्या पुस्तकाचा पहिला फर्मा हत्तीचा होता. दुसरा न्हावी बेडकाचा, भलत्याच पुस्तकातला. हत्तीचा पुढचा फर्मा त्या रद्दीत नव्हताच. अकरातली नऊ पुस्तकं तशीच. चित्रं रंगीत आहेत, पोर हसते आहे, एवढ्याशा जिवाला काय कळतंय, असं म्हणून तिनं ती शिवली होती. आणि छापलेल्या खुणा जुळेनात तेव्हा त्या खरवडून स्वतःच्या हातानं काळ्या शाईच्या नव्या केल्या होत्या.

तिला आता आठवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ठकीनं विचारलं होतं, "छत्री कुठे गेली?" दुसऱ्या दिवशीही विचारलं होतं. आत्यानं सांगितलं होतं, "पुढे नाही ना, म्हणजे नाही." मग पोरीनं विचारणं सोडून दिलं. एक बटण हरवलं तर अख्खं घर पालथं घालणारी पोर, वर्षभर छत्री न विचारता पानं उलटत राहिली. कारण जिना बरोबर होता. आणि जिना आत्यानं काढला होता.

आता राग आला तो कुणावर काढायचा? बाईंवर काढता येईना. भाच्यावर काढता येईना. बाहेरच्या माणसाला आयुष्यात कधी खोटा माल दिला नाही आणि घरच्या पोरीला रद्दी दिली, वर खऱ्याची खूण मारून. छापखान्यात कुणी असं केलं असतं तर आत्यानंच त्याला खात्यातून हाकललं असतं.

तिनं कात्री घेतली आणि दोरे कापायला सुरुवात केली.

"माझं पुस्तक!" ठकीनं भोकाड पसरलं. भाचेसून स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो आत्या, हे काय करताय? एवढ्या मेहनतीनं शिवलेली!"

"मेहनत चुकीची होती. चुकीच्या मेहनतीचं कौतुक करायचं नसतं." मग ठकीकडे वळून, "ही पुस्तकं मी चुकवली. जिना खोटा होता. मी खोटा काढला."

ठकी रडायची थांबली. आत्या चुकते, ही तिला बातमीच होती. "तू चुकवलंस?"

"मी. आता नीट करू. आधी एक आपलं स्वतःचं करू, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

रविवारी चौघं बसनं गेली, नेहमीसारखीच. निघताना आत्याची डावी चप्पल सापडेना, ती कपाटाखाली निघाली. शेवटच्या थांब्यावर एक माणूस नळीनं बस धूत होता, ठकी पाय ओले होईपर्यंत बघत राहिली. बाकावर बसून डब्यातली उकडलेली अंडी खाल्ली. घरी आल्यावर आत्यानं शिल्लक राहिलेला चांगला कागद कापून ठकीपुढे ठेवला. ठकीनं पाच चित्रं काढली. चप्पल, बस, नळीवाला माणूस, अंडी, घराचं दार. कागद संपला.

"आता लाव," आत्या म्हणाली. "खूण नाही. कडेला बघायचं नाही. आज काय झालं ते आठवायचं."

भाचा जवळच बसला होता. संध्याकाळी फॉर्म भरायचा होता, तो गुडघ्यावर होता, पेन कानावर.

ठकीनं चप्पल ठेवली. बस ठेवली. नळीवाला. अंडी. मग दाराचं चित्र हातात धरून थांबली.

"बस दे."

"ठेवलीस की," भाचा म्हणाला. "ती काय, दोन नंबरला."

"ती जायची बस. यायची दे."

"अगं, बस तीच ना?"

"बाबा!" ठकी इतकी चिडली, की थेट आत्याच दिसली. "तीच बस इथे ठेवली तर आपण गेलो कसे? आणि तिथे ठेवली तर आलो कसे? अंड्यांजवळच बसून राहिलो का?"

भाचेसुनीला हसू आवरेना. आत्या हसली नाही. ती भाच्याकडे बघत होती, काही न बोलता. हूं की चूं करणार नाही, असा शब्द होता.

"कागद कुठाय आता," भाचा म्हणाला. इकडेतिकडे बघितलं. मग गुडघ्यावरचा फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. बाकीच्या पानांएवढी घडी घातली, नखानं दाबली, फाडली आणि ठकीपुढे सरकवली. "घे. काढ."

"अहो, फॉर्म होता तो," भाचेसून म्हणाली.

"होता."

ठकी जीभ बाहेर काढून बस काढत होती. पहिल्या बसचं तोंड उजवीकडे होतं. या बसचं तिनं डावीकडे काढलं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाच्यानं दोन्ही चित्रं शेजारी धरली, बराच वेळ बघितली आणि कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं.

"शिवून टाक, आत्या," तो म्हणाला. "आणि वर्षभर शिकव अजून. पण नीट."

"नीटच शिकवणार. तुला काय सांगावं लागतंय?" आत्या फणकारली. तिनं सहा पानं टोच्यानं टोचली, दोरा ओढला आणि पाठीवर सहा खुणा काढल्या, खऱ्या. फॉर्मचं पान कडेला वर वळत होतं. "केवढा हलका कागद! प्रवेश देतात आणि कागद असला देतात," ती पुटपुटली, पण हाडाच्या पट्टीनं दाबून दाबून बसवला.

सोमवारी सकाळी आठला, बालवर्गाची घंटा झाली असेल त्या वेळी, ठकी सुट्या फर्म्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. हत्तीचा फर्मा तिनं वेगळा काढला. शेवटचं पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

"आत्या," तिनं विचारलं, "मग छत्री कुठे गेली?"

आत्याला ठाऊक नव्हतं. तिनं चपला शोधल्या, यावेळी दोन्ही जागेवर सापडल्या, हत्तीचा फर्मा पिशवीत घातला आणि पोरीचं बोट धरलं. वाचनालय नऊला उघडतं म्हणून पाटी होती. सव्वानऊ झाले तरी दार बंदच, आणि आत्या पायरीवर उभी राहून ते ठोठावत होती.