दोरीच्या जागी चावी

आमचे हे छोट्या इंजिनांचे मिस्त्री. माणसांशी दोन शब्द बोलायचं म्हणजे जिवावर येतं, पण जनरेटरशी तासभर लाडीगोडी चालते. "त्याच्याशीच लग्न करायचं होतं!" मी म्हणायचे. हे आपले फडक्याने इंजिन पुसत बसायचे.

ह्यांची एकच बहीण, म्हणजे माझी नणंद, आमच्या वन्सं. शिवणकाम करायच्या. त्यांचा नवरा, आमचे दाजी, अंथरुणाला खिळलेले, नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. वीज गेली की मशीन बंद. म्हणून ह्यांनी पेट्रोलचा जनरेटर देऊन ठेवला होता, दोरी ओढून चालू व्हायचा तो. पण गेल्या वर्षी वन्संचा खांदा आखडला. एकदा वीज गेली आणि त्यांना दोरी ओढवेना. शेजारी धावत येईपर्यंत दाजींचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

महिनाभर खपून ह्यांनी त्या इंजिनाला बॅटरी आणि स्टार्टर बसवला. आता नुसती चावी फिरवायची. जनरेटर उचलून अंगणात आणला आणि बहिणीला शिकवलं. कागदावर लिहूनही दिलं: ऑइल बघ. पेट्रोलचा कॉक उघड. चोक ओढ. चावी पाच सेकंदच फिरव, नाही लागलं तर थोडं थांब. लागलं की चोक आत ढकल, मग मशीनची पिन लाव.

"अरे, मी काय कुकुलं बाळ आहे का?" वन्सं वैतागल्या. तरी ह्यांनी चार वेळा करून घेतलं. मग जनरेटर परत घरातच, दारामागच्या बोळकांडीत नेऊन ठेवला.

पंधरा दिवसांनी भर दुपारी धुळीचं वादळ आलं, वीज गेली. दाजींना धूळ लागू नये म्हणून वन्संनी दारंखिडक्या गच्च लावल्या होत्या. वीज येऊन तास झाला तरी इंजिन धडधडतंय, म्हणून शेजाऱ्यांनी दार फोडलं. दोघंही गेले होते. वन्संचा हात दाजींच्या उशाशी होता.

धुराने जीव जातो हे ह्यांना ठाऊक नव्हतं? मेलं, सगळं ठाऊक होतं! पण अशा बोळकांडीत दोरी ओढायची तर कोपर भिंतीवर आपटतं. म्हणून जो तो इंजिन आधी बाहेरच न्यायचा. उभ्या जन्मात ह्यांना 'बाहेर ने' हे कुणाला सांगावंच लागलं नाही. चावीला कोपर लागत नाही, आणि त्या खांद्याने वन्संना ते धूड हलवता तरी आलं असतं का?

मी रागाने म्हणाले, "तुमचा काय दोष? त्यांना एवढं कळू नये?" लगेच माझीच जीभ मला टोचली.

ह्यांनी खिशातून वन्संच्या घरून आणलेला तो कागद काढला. वन्संनी प्रत्येक ओळीपुढे शिवणाच्या खडूने खूण केली होती.

"बघ," हे म्हणाले, "एक पायरी चुकली नाही तिची."