हळदीआधीचं इंजेक्शन

माझ्या काकाला कुत्र्याचं पिल्लू चावलं, त्याचा मला राग नाही. पिल्लूच ते. घणसोली गावात आमच्या जिन्याखाली राहायचं, काकाच त्याला माशांची डोकी टाकायचा. एकदा टाकता टाकता बोटाला दात लागला. मला राग येतो तो पुढच्या सगळ्याचा.

काकाने बोट लुंगीला पुसलं, वर हळद दाबली आणि कामाला लागला. त्याच आठवड्यात त्याच्या मुलाची हळद होती. मी ते बोट साबण लावून बराच वेळ नळाखाली धरायला लावलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता इंजेक्शनला चल.

"हलद झाली का जाईन गो," काका म्हणाला. "सुई टोचली का मटन बंद, दारू बंद. पोराच्या हलदीला मी वरनभात खाऊ?"

हे पथ्य आमच्याकडे कोणी काढलं, देव जाणे. अख्ख्या घराने माना डोलावल्या. मी पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "काही पथ्य नाही. सगळं खाऊ दे, पण आधी माणूस आणा." घरी येऊन मी तेच सांगितलं, तर काकू म्हणाली, शुभकार्यात अशुभ बोलू नको.

अशुभ! आमच्याच एका खोलीत भाड्याने राहणारा माणूस कुत्रा चावल्यावर असाच गेला होता. तहानेने तडफडायचा आणि पाण्याचा ग्लास समोर आणला की त्याचा घसा आवळायचा. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ जखमेत जाते, तिच्यातला रोग मज्जातंतूंतून गुपचूप मेंदूकडे सरकत राहतो. एकदा लक्षणं दिसली की डॉक्टरही हात टेकतात. त्याआधी लस मिळाली तर माणूस वाचतो. एवढी साधी गोष्ट, आणि हा बाबा मटणासाठी थांबलेला.

हळदीच्या दिवशी सकाळी पिल्लू मेलं. घरच्यांनी ते पाण्याच्या टाकीमागे पुरलं आणि मला सांगायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी काकू कांदा चिरता चिरता बोलून गेली, "सकाली तोंडाला फेस आलेला गो त्याच्या."

माझं डोकंच फिरलं. मांडवात डीजे चालू, काका पिवळाधम्मक होऊन नाचतोय. मी माईक हिसकावला. "काकाला चावलेलं पिल्लू आज पिसाळून मेलं. काकाने अजून इंजेक्शन घेतलेलं नाही!"

गाणं थांबलं. बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. एवढ्या पाहुण्यांसमोर काका नाही कसं म्हणणार? नवरदेवानेच बापाला रिक्षात घातलं, मी शेजारी बसले.

रुग्णालयात नर्सने बोटावरची हळद धुतली, तेव्हा कुठे जखम सापडली. तिच्याभोवती टोचलं, दंडात टोचलं, पुढच्या तारखा दिल्या. काकाने तिथेही मटणाचं विचारलं. "खा की," नर्स म्हणाली. आम्ही परत येईपर्यंत टोप रिकामे झाले होते.

सगळे डोस मी मागे लागून पूर्ण करून घेतले. त्या फेऱ्यांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आता गावभर सांगत फिरतो, पुतणीने माझ्या पोराची हळद नासवली. काकू म्हणते, जा, पाया पड, मिटवून टाक. मी नाही जाणार. काका जन्मभर माझ्यावर चिडलेला राहिला तरी चालेल. त्यासाठी त्याला तेवढं जगावं लागेल.