एंडेलच्या गाडीचा वॉशर

हिउमा बेटावर कल्योच्या गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल बदलायला जाणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम व्हायचं पटकन. पण त्यानंतर म्हातारा गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवायचा, शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि कान देऊन ऐकत राहायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या अंगावर खेकसायचा. पुठ्ठा कोरडाच राहिला, अशी त्याची खात्री पटली की मगच चावी परत.

"काय ऐकतोस रे एवढं? गाडी अंडं घालणारे की काय?" पोस्टमन लेम्बित त्याला छेडायचा.

"तोंड मिट. नट ऐकतोय."

"माझ्यादेखत नवाकोरा वॉशर घातलास की! आता त्याला अंगाई म्हणणारेस?"

लेम्बितला हसायला काय जात होतं! कल्योला मात्र तो आवाज यायचा. टप्. मग बराच वेळ काही नाही, पुन्हा टप्. खाली वाकून पाहावं तर पुठ्ठा कोरडा ठणठणीत. भर दुपारी, रेडिओ चालू असतानासुद्धा यायचा.

इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाला एक नट, तो काढला की जुनं तेल बाहेर येतं. या नटाखाली तांब्याची चपटी चकती असते, तो वॉशर. नट आवळला की तांबं दबून फट बुजवतं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, म्हणून दर खेपेला वॉशर नवा घालायचा. पण कल्यो सोव्हिएत अमलात सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टरखाली वाढलेला. तिथे नवं कशाला मिळतंय? जुना वॉशर ज्योतीवर लालबुंद तापवायचा, पाण्यात सोडायचा, की तांबं पुन्हा नरम. या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या बेटावर कोणी नव्हता आणि त्याला त्याचा तोरा काही कमी नव्हता. पुढे देश स्वतंत्र झाला, दुकानात वॉशरची पाकिटं लटकू लागली, तरी गडी म्हणायचा, "नवा वॉशर आळशी माणसासाठी."

एंडेल हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्याकडे एक जुनी स्वीडिश स्टेशन वॅगन होती. गॅरेजवरून जाताना तो दोनदा हॉर्न वाजवायचा, कल्यो आतून पाना लोखंडावर आपटून उत्तर द्यायचा. एका हिवाळ्यात एंडेल ऑइल बदलायला आला तेव्हा घाईत होता. कल्योनं नेहमीसारखा जुना वॉशर तापवला, थंड केला, उलटा करून बसवला, नट आवळला. मग सवयीनं खालून बोट फिरवलं. बोटाला ओल लागली, एवढासा थेंब. हातालाच लागलेलं असेल, असं म्हणून त्यानं तो विजारीला पुसला आणि एंडेलला म्हणाला, "जा, पळ."

नंतर दोनएक आठवड्यांनी एंडेल समोरच्या टामलाइदला निघाला. या लहानशा बेटावर त्याची आई राहायची आणि हिवाळ्यात समुद्र गोठला की लोक गाडी घालून सरळ बर्फावरून तिकडे जायचे. बर्फावरून जाताना सीटचा पट्टा बांधायचा नाही, गाडी बुडालीच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून, आणि काही झालं तरी गाडी थांबवायची नाही. उभ्या गाडीच्या वजनानं बर्फ खचतो, हे इथल्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. आणि एंडेल, जन्मभर त्या बर्फावर गाडी हाकलेला माणूस, ऐन मध्यावर थांबला. किनाऱ्यावरून लोकांनी पाहिलं. गाडी थांबली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग दिसेनाशी झाली. त्याचं प्रेत वसंतात किनाऱ्याला लागलं. गाडी मात्र गाळात रुतली ती रुतलीच.

"पण मेला थांबला कशाला?" अख्खं बेट विचारत होतं.

एकटा कल्यो विचारत नव्हता. तेल गळलं, इंजिन जाम झालं, गाडी थांबली. दुसरं काय असणार? त्याचं डोकं सांगायचं, एवढ्याशा थेंबानं दोन आठवड्यांत चेंबर रिकामं होतं का वेड्या? पण कान ऐकायला तयार नव्हते. त्यानं एका पोत्यात सगळे जुने वॉशर भरून भंगारात दिले. त्यानंतर आयुष्यात जुना वॉशर पुन्हा लावला नाही. तरी हिवाळ्यात कधीमधी बाहेर दोनदा हॉर्न वाजायचा. हातातलं काम टाकून तो दार उघडायचा, तर रस्त्यावर नुसता भुरभुरणारा बर्फ. आणि दर खेपेला तो पाना लोखंडावर आपटून उत्तर देऊन यायचा.

हेल्यू, एंडेलची बायको, दर ईस्टरला त्याला धुरी देऊन टिकवलेले मासे आणून द्यायची. "एंडेलचा दोस्त म्हणून," म्हणायची. ते मासे त्याच्या घशाखाली उतरायचे नाहीत. सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं, आणि शंभरदा तो काळ्या पावाच्या घासाबरोबर ते गिळून बसला.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात बंदराकडे येणाऱ्या बोटींच्या वाटेतला गाळ उपसताना गाडी वर आली. शिंपल्यांनी मढलेली, काचा फुटलेल्या, आत गाळच गाळ. भंगारात पाठवायच्या आधी इंजिनात तेल असेल तर ते काढून टाका, असं धक्क्यावरच्या माणसानं सांगितलं. ते कोण काढणार? कल्योच.

तो पोचला तर हेल्यू आधीच तिथे उभी. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती.

"तू घरी जा गं. बघण्यासारखं काही नाहीये," कल्यो म्हणाला.

"मला बघायचंय. तेल आहे का नाही, तेवढंच बघायचंय."

हिला कळलंय, कल्योला वाटलं. पण हेल्यू त्याच्याकडे बघतच नव्हती.

"कल्यो, तुला म्हणून सांगते. तेव्हा तो निघाला ना, त्याच्या आईसाठी केलेला केक घरीच राहिला होता. मी पळत घरामागच्या रिकाम्या किनाऱ्यावर गेले आणि अंगावरची लाल शाल हलवली. अशी, दोन्ही हातांनी. त्यानं आरशात बघितलं असणार, म्हणून तो थांबला. एका केकसाठी रे! मी इथलीच ना? बर्फावर माणसाला हाक मारायची नाही, मला माहीत नव्हतं का?" तिनं गाडीच्या पोटाकडे बोट केलं. "चेंबर कोरडं असेल तर गाडी आपोआप बंद पडली. तेल असेल तर त्याला मीच मारलं. उघड तू."

कल्यो पाठीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. गंज खरवडून त्यानं नटाला पाना लावला. नट हटता हटेना. त्यानं सगळा जोर लावला तेव्हा कुठे कुरकुरत फिरला. खाली घमेलं होतं, आणि घमेल्याकडे हेल्यूचे डोळे.

पाणी आलं. गढूळ, काळपट समुद्राचं पाणी. येतच राहिलं.

"पाणीच आहे," हेल्यू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "कल्यो, नुसतं पाणी आहे!"

कल्यो मेकॅनिक होता. पाणी जड असतं, ते तळाला बसतं. तेल असलंच तर ते वर तरंगत असतं आणि शेवटी येतं, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं नट बोटांत धरून ठेवला आणि धारेवरची नजर हलवली नाही. धार बारीक झाली. मग तिच्या कडेला केसाएवढी काळी, दाट रेघ दिसली, त्या काळपट पाण्यात वरून कुणाला कळली नसती अशी. त्याच्या बोटाला ती लागली, बुळबुळीत. तेलच होतं ते. भरपूर होतं, त्याच्या वजनानं धार पुन्हा जाड व्हायला लागली होती.

म्हणजे मी नाही. एवढी वर्षं, आणि मी नाही! त्याला ओरडावंसं वाटलं, त्या लोखंडाखालून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं. आणि त्याच क्षणी त्याला ठोकळ्यांच्या फटीतून हेल्यूचे बूट दिसले. टाचा उचलून ती वाकून बघत होती.

त्यानं अंगठ्यानं भोक दाबलं, नट लावला आणि आवळला.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "तेलाचा टिपूस नाही. हेल्यू, तो तुझ्यामुळे थांबला नाही. इंजिन जाम झालं होतं. मी जुना वॉशर लावला होता, तापवून. गळत होता. बोटाला थेंब लागला होता, तरी मी त्याला जाऊ दिलं."

मग वरून आवाज आला, अगदी हळू.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि माझे मासे खात बसलास? मी एवढी वर्षं समुद्राकडच्या खिडकीचा पडदा उघडला नाही आणि तू मासे खात बसलास? नीच माणसा!" तिनं त्याच्या पायावर लाथ मारली. त्याच्या नडगीला चांगलीच लागली. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, पोरीसारखी, आणि रडत रडतच रस्त्याला लागली.

उद्या दुकानात पाव घेताना ती हे सगळ्यांना सांगणार, हे कल्योला तिथे पडल्या पडल्या कळत होतं. लेम्बितसुद्धा आता गाडी घेऊन येणार नाही. बेटच ते, दुसरं कोण विचारणार?

"निघालं का तेल?" धक्क्यावरच्या माणसानं लांबून हाक दिली.

कल्योनं मान वळवून पाहिलं. चर्चच्या वळणाकडे हेल्यू चालली होती, ताठ मानेनं, हात मोकळे सोडून.

"जरा थांब," तो म्हणाला. "ती वळणापलीकडे जाऊ दे."

आणि वाट बघता बघता, सवयीनं, त्यानं नटाखालून बोट फिरवलं. वॉशर तोच होता, जुना, उलटा करून घातलेला. बोट कोरडं होतं.