मागच्या डाव्या चाकाचं ब्रेक ऑइल

मी महागाव तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, राहायला दिग्रसला. गावोगावी लसीकरणाला जायचं तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून एक जुनी चारचाकी घेतली. गेल्या हिवाळ्यात एका उतारावर समोर शेळ्यांचा कळप आला. मी ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय गेल्यासारखं खाली गेलं. घाईघाईनं दोन-तीनदा दाबल्यावर गाडी थांबली. पुढची शेळी बोनेटपासून हातभर अंतरावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेळ्या गेल्यावर मी पहिल्या गियरमध्येच हळूहळू गाडी घरी आणली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गॅरेज आहे. तीस वर्षांचा हात त्यांचा. बोनेट उघडून ते म्हणाले, "ब्रेक ऑइल कमी झालं, सिस्टर. मास्टर सिलिंडर गळत असन." त्यांनी पेडलमागच्या त्या सिलिंडरचे रबर बदलले, ऑइल भरलं, पाइपांतली हवा काढली. आठ दिवसांत बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल पुन्हा बोटभर उतरलं. चाचांनी गाडी उचलून खालून सगळे पाइप पाहिले. "कुठंच ओलं नाही. आता जाते कुठं ते ऑइल?" ते स्वतःवरच चिडले होते.

मला मात्र ते ऐकून एक ओळखीची गोष्ट आठवली. बाळंतिणीच्या अंगावरून फार जात नाही, पण नाडी वाढत जाते, चेहरा पांढरा पडतो. तेव्हा आम्ही थांबत नाही, आत कुठे साचतंय का ते शोधतो. डबीवर मी मार्करनं रेघ मारली आणि रविवारी सकाळी पोतं अंथरून गाडीखाली शिरले.

नवरा दारात चहा घेऊन उभा. "कायले घुसून राह्यली खाली? चाचांनी पाह्यलं ना."

"चाचांनी ओलं पाह्यलं. मले आधी सगळं कोरडं करून पाहाचं आहे," मी म्हटलं.

प्रत्येक जोड आणि चारही चाकांची आतली बाजू चिंधीनं पुसून काढली. मागच्या चाकांवर धुळीचा जाड थर होता, तो खरवडला. मग जरा ओल आली तरी डाग दिसावा म्हणून सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली. नवऱ्याला ब्रेक दाबायला बसवलं. "दाब. सोड. दाब." चाळीस वेळा तरी दाबला असेल त्यानं. पावडर जशीच्या तशी. तो हसला, मीही थोडी खट्टू झाले. पण गाडी तशीच ठेवली आणि दोन दिवस नेहमीच्या फेऱ्या केल्या.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा खाली शिरले. बाकी सगळीकडची पावडर धुळीनं मळलेली, पण कोरडी. डाव्या मागच्या चाकाच्या आत, ब्रेक झाकणाऱ्या गोल ड्रमच्या खालच्या कडेला, पावडरीचा बोटभर लगदा झाला होता. बोट लावलं तर चिकट. वासही तोच, डबीतल्या ऑइलचा. म्हणजे ऑइल ड्रमच्या आत गळत होतं, आणि बाहेर येईल तेवढं ती जुनी धूळ पिऊन टाकत होती. म्हणून थेंब कधी दिसला नाही.

त्याच पावली मी चाचांकडे गेले. "चाचा, डावं मागचं चाक खोला."

त्यांनी माझ्या हातांकडे, मग मळक्या ओढणीकडे पाहिलं आणि जॅक घेतला. ड्रम निघाला तर त्याला आतून घासून चाक थांबवणारे दोन्ही ब्रेक शू ऑइलनं चिंब. चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरचं रबर एका बाजूनं चिरलं होतं. ते तळहातावर घेऊन त्यांनी माझ्यासमोर धरलं. "ड्रम आपण खोललेच नाही, सिस्टर. आपली चूक हाय."

त्यांचं ते सरळ कबूल करणं मला फार आवडलं. सिलिंडर आणि शू बदलले, हवा काढून ऑइल माझ्या रेघेपर्यंत भरलं. पेडल पहिल्याच दाबात घट्ट लागलं. पंधरा दिवस रोज डबी पाहिली. ऑइल रेघेवरून हललं नाही.

त्यानंतर एकदा हवा भरायला गॅरेजात थांबले होते. कोणा जीपवाल्याचं ऑइल असंच कमी होत होतं. चाचा त्याला सांगत होते, "आधी धूळ खरवड, मंग पावडर टाक. आपल्या सिस्टरनं शिकवलं मले."

चारही चाकांत हवा भरून झाली होती. तरी मी टायरकडे बघत उगाच उभी राहिले, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.