मुहूर्तावर तापलेलं तेल

आमच्या साहेबांचा थंडीचा अनुभव पुण्यातल्या डिसेंबरच्या स्वेटरपुरता. तरी थंडीत इंजिनं सुरू करून देण्याचा धंदा त्यांनी सिंगापूरमध्ये काढला. धंद्यात खोट नव्हती. कडाक्याच्या गारठ्यात इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि स्टार्टर ते फिरवता फिरवता दमतो. म्हणून तेलाच्या टाकीखाली चपटा हीटर चिकटवायचा, आधी तेल गरम करायचं आणि मग किल्ली फिरवायची. आमचा हीटर जहाजांवरच्या लाइफबोटींसाठी होता. उत्तरेच्या समुद्रात जहाज सोडून माणसं त्या बोटीत उतरली आणि इंजिन सुरूच झालं नाही, तर ती तिथेच संपणार.

चाचणीचा अहवाल मी लिहायचा, सहीही माझीच. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून एका गोदामातली शीतखोली भाड्याने घेतली. इंजिन रात्रभर उणे पंधरा अंशांत ठेवायचं, सकाळी सातपासून तीन तास हीटर लावायचा आणि दहाला ग्राहक कंपनीच्या तिघांसमोर ते सुरू करायचं, असं ठरलं होतं.

मी साडेनऊला पोचले, तेव्हा इंजिनाला झेंडूचा हार होता.

"मुहूर्त साडेआठचा होता," साहेब म्हणाले. "आत निरांजन टिकेना. मग सातलाच इंजिन बाहेर काढलं, पूजा केली, वीसेक मिनिटं चालवलं. काय आवाज होता! आता परत आत ठेवलंय."

बाहेर बत्तीस अंश होते. आमचे चिनी मेकॅनिक अंकल माझ्याकडे न बघता इथल्या बोलीतलं शेपूट लावून पुटपुटले, "ऑलरेडी हॉट, लाह."

पाहुणे आले. त्यांना फुगीर जॅकेटं चढवली गेली, साहेबांनीही एक चढवलं. ध्रुवावर निघालेल्या तुकडीला निरोप द्यावा तसं साहेबांनी भाषण केलं. इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. टाळ्या, फोटो. त्याआधी मी तेलात तापमापक घातला होता: चाळीस अंश. त्यातली बहुतेक ऊब मुहूर्ताची होती, हीटरची नव्हे.

त्या रात्री इंजिन पुन्हा गोठवलं. सकाळी नियमाप्रमाणे तीन तास हीटर लावला. स्टार्टर तीनदा कण्हला आणि गप्प झाला. अंकलनी खांदे उडवले. मी दोन्ही चाचण्या लिहून साहेबांसमोर ठेवल्या.

"म्हणजे तू पूजेवर खापर फोडतेस?"

"पूजेवर नाही, सर. वीस मिनिटं चालवलेल्या इंजिनावर."

"बाईसाहेब, पाहुण्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

"त्यांनी तुम्हाला जॅकेटमध्ये बघितलंय."

साहेबांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळली. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. "दुसरी चाचणी कुणी करायला सांगितली होती? ते पान काढ. आणि तुझा इथे काम करायचा पास पुढच्या महिन्यात रिन्यूला आहे ना?"

"आहे."

"मग?"

 पास गेला तर बुकित पंजांगचा भाड्याचा फ्लॅट जाणार आणि पुण्याला परतावं लागणार, हे मलाही समजत होतं. पण लाइफबोटीतल्या माणसांसाठी साडेआठचा मुहूर्त कुणी काढणार नव्हतं. ते पान मी काढलं नाही. उलट पहिल्या चाचणीच्या डोक्यावर, सुरू करण्याआधीचं तेलाचं तापमान आणि त्याचं कारण, अशा दोन ओळी वाढवल्या. सही केली आणि अहवाल ग्राहकाला पाठवला, प्रत साहेबांना.

ग्राहकाने आधीच पोचलेले सगळे हीटर परत पाठवले. साहेबांनी माझा पास रिन्यू केला नाही. कारण दिलं, 'संघभावनेचा अभाव'. हे त्यांचं पहिलं विधान, ज्याच्याशी मी पूर्ण सहमत होते.

शेवटच्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. वीस मजले साहेब दाराकडे तोंड करून उभे राहिले.  खाली दार उघडलं, तसे ते आधी बाहेर पडले.