कैफियतीतला पाहुणा

लातूरच्या कोर्टात वकिलानं माझ्या हातात प्रतिवादीची लेखी कैफियत ठेवली. प्रतिवादी म्हणजे तीन वर्षं माझ्यासोबत एका खोलीत राहिलेला माझा मित्र. खोलीच्या अनामतीतला माझा वाटा मिळावा म्हणून मी दावा लावला होता, त्यावर कैफियतीत लिहिलं होतं : ‘वादी हा पाहुणा म्हणून अधूनमधून येत असे. अनामत रकमेशी त्याचा संबंध नाही.’

नुसते पैसे बुडवले असते तर चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण पाहुणा? हा शब्द खोडल्याशिवाय मी हटणार नव्हतो.

शब्द त्याला सापडला कुठं, तेही सांगतो. लातुरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, “आपल्यातलेच ना?” मित्र मुरुडचा, लिंगायत. मी मुदखेडचा, आणि त्यांच्यातला नव्हे. हा प्रश्न येणार हे ठाऊक असल्यानं मित्रानं सकाळीच मला समोर बसवून, हनुवटी धरून, माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले होते. काकांना म्हणाला, “माझा मावसभाऊ हाय, काका.” जात विचारून खोली देणाऱ्यांच्या विरोधात पत्रकं वाटणाऱ्या मी मान डोलावली. अनामत दोघांनी अर्धी-अर्धी भरली. स्टँप पेपरवर नाव मात्र त्याचं एकट्याचं. मावसभावाला कागद कशाला? म्हणजे कागदोपत्री मी पाहुणाच. ‘कागदाशिवाय रुपया देऊ नका’ हे वाक्यही माझ्याच पत्रकातलं.

मग नांदेडला आंदोलन उभं राहिलं. आठ दिवसांत येतो म्हणून गेलो, ते चार महिने तिकडंच. त्यानं एकट्यानं भाडं ओढलं, तीनदा फोन केला. मी मोर्च्यात होतो, परत केला नाही. शेवटी त्यानं खोली सोडली आणि सगळी अनामत मुरुडला टाकलेल्या आपल्या दुकानात घातली. हे मी दाव्यात लिहिलं नव्हतं. इथं लिहितो.

कोर्टानं प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मित्रानं आपल्या बाजूनं बोलायला घरमालकीण काकूंना आणलं. काका आता नाहीत. काकू व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या दोघांच्या मधे बसल्या आणि त्यालाच म्हणाल्या, “काय रे, ह्याला पाहुणा लिहिलंस म्हणं?”

“वकिलानं लिहिलं, काकू.”

“सही कुणी केली? वकिलाच्या बापानं? आठवड्यातून एकदा नळ यायचा, तवा माझी टाकी कोण भरायचं? पाहुण्याला कुणी घागरी उचलायला लावतं का?”

मला गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या.

“अन् तू रं, लई शहाणा. हा कावीळ होऊन पडला होता, तवा तू कुठं झेंडे नाचवत हुतास?”

कावीळ. मला माहीतच नव्हतं. ते तीन फोन.

“सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“उचलायचा होतास.”

काकू पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “मावसभाऊ म्हणं! पहिल्या दिवशीच वळखलं मी. आमच्या पोरांच्या कपाळावर पट्टे इतके सरळ नसतात. मालकांना बोलले नाही. म्हटलं, एवढ्या निगुतीनं कुणी कुणाला विभूती लावत असंल, तर ऱ्हाऊ द्यावं दोघांना.”

मी त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत अजून पिवळेपणा असावा असं मला उगाच वाटलं.

आत मध्यस्थांसमोर तडजोड पाच मिनिटांत झाली. माझ्या वाट्यातून चार महिन्यांचं निम्मं भाडं वजा, उरलेलं हप्त्यानं. मी एकच अट घातली : पाहुणा हा शब्द मागे घ्यायचा. तो म्हणाला, “घेतला.”

मध्यस्थ वकीलबाईंनी पेन उचललं. “दोघांचं नातं काय लिहू?”

“मावसभाऊ लिहा,” तो पुटपुटला.

“खोटं लिहू नका, मॅडम,” मी म्हणालो. “मित्र लिहा.”

त्यानं मान वर केली आणि सहीसाठी माझ्याकडंच पेन मागितलं.