गव्हर्नरच्या ऑफिसाखालची टाकी

"नकाशात टाकी आहे ना? मग टाकी लिही आणि निघ," प्रदीप फोनवर म्हणाला. प्रदीप म्हणजे माझा बॉस. तो अमेरिकेत, कॅरी नावाच्या शहरातल्या आमच्या ऑफिसात एसीत बसला होता आणि मी सेंट क्रॉयला एका दगडी घराच्या तळघराबाहेर उभी होते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत उभी राहील की नाही, हे सांगून पोट भरते. सेंट क्रॉय हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. आधी डेन्मार्कचं होतं, आता अमेरिकेचं. अमेरिकेतून जायला पासपोर्ट लागत नाही, गाड्या मात्र आपल्यासारख्या रस्त्याच्या डावीकडून चालतात. विमानतळावरून निघाल्यावर मी त्यावरच खूश होते.

घर बांधलं होतं एका डॅनिश लष्करी इंजिनिअरने. किल्ल्याच्या भिंती आखायला आला आणि पुढे इथलाच गव्हर्नर झाला. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले. वाऱ्याची दिशा बघून काढलेल्या खिडक्या. तळघरात पिवळ्या विटांची कमान, एक तडा नाही. आणि तिथून भिंतीच्या आतून थेट वर, गव्हर्नरच्या ऑफिसात उघडणारी एक अरुंद पोकळी. मी प्रदीपला फोटो पाठवला. "बिनविजेचा एसी! खालची गार हवा वर. काय डोकं होतं यार!"

आता ते घर आंद्रेचं आहे. तिशीतला, याच बेटावर जन्मलेला. त्याचे पूर्वज इथल्या उसाच्या मळ्यांत गुलाम होते, हे त्याने पहिल्याच कॉफीला सहज सांगितलं. त्याला इथे हॉटेल काढायचं होतं, आणि तळघरात रेस्टॉरंट. नकाशात तळघराला 'पाण्याची टाकी' म्हटलं होतं. मला शंका यायचं कारणच नव्हतं. या बेटावर पावसाचं पाणी छपरावरून घेऊन घराखाली साठवतात, टाकी घरोघरी असते. भिंत फोडून मोठं दार केलं तर कमान टिकेल का, एवढंच मला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला आत शिरले. टाकीला आतून गुळगुळीत गिलावा लागतो, नाहीतर पाणी झिरपतं. इथे उघडा दगड. छपरावरून येणारा पाइप नाही. जमिनीचा उतार दाराकडे, म्हणजे पाणी साठवायला नाही, धुऊन बाहेर काढायला. दार ठेंगणं, आणि अडसराच्या खाचा बाहेरच्या बाजूला. पाण्याला कोणी बाहेरून अडसर घालतं का? मी टॉर्च खाली आणला. भिंतीत नडगीच्या उंचीवर एक गंजलेली लोखंडी कडी होती. शेजारी दुसरी. पुढे रांगच होती.

मी कड्या नीट बघायला खाली बसले. तेवढ्यात माझ्या कानाशी कोणीतरी बोललं.

"आजी, पहिलं टेबल तुझं. खाली, कमानीखाली. सगळ्यात गार जागा आहे."

आंद्रे होता. वर गव्हर्नरच्या ऑफिसात उभा राहून फोनवर बोलत होता आणि शब्द न् शब्द भिंतीतल्या पोकळीतून मला ऐकू येत होता. गार हवा खाली बसते, वर चढत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. आवाज मात्र चढतो. खाली बांधलेली माणसं काय बोलतात, कशी कण्हतात, हे टेबलाशी बसून ऐकता यावं म्हणून त्याने ती पोकळी ठेवली होती. दुसरा उपयोग मला आजवर सुचलेला नाही. माझ्याच धंद्यातल्या माणसाने हे शांतपणे, मापं घेऊन आखलं होतं.

बाहेर येऊन प्रदीपला फोन केला तो तेव्हाच.

"मुग्धा, आपला स्कोप फक्त कमानीचा आहे," तो म्हणाला. "आत पाणी होतं की माणसं, याने लोड बदलत नाही."

"नाही बदलत. पण तो तिथे आजीला जेवायला बसवणार आहे, प्रदीप."

"आजीला?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "सांगून टाक. प्रोजेक्ट गेला तर गेला."

आंद्रेला मी वरच थांबायला सांगितलं. खाली येऊन हळू आवाजात म्हटलं, "आंद्रे, ही टाकी नाही."

तो धावतच खाली आला. मी काही समजावलं नाही, नुसता टॉर्च धरला. त्याने एका कडीत बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"कमान टिकेल?" त्याने विचारलं.

"अजून दोनशे वर्षं."

"तेच वाईट आहे," तो म्हणाला आणि रडायला लागला.

भिंत फोडली नाही. तळघराचं दार तेवढं काढून टाकलं. दार काढल्याने इमारतीला धोका नाही, हे मी लिहून दिलं. रेस्टॉरंट गव्हर्नरच्या ऑफिसात झालं आणि पहिल्या जेवणाला आंद्रेने मला बोलावलं. त्याची आजी टेबलाशी बसलीच नाही. काठी टेकत भिंतीपाशी गेली आणि त्या पोकळीपाशी वाकली.

"वर या," तिने खाली हाक मारली. "जेवायला वाढलंय."

रिपोर्टमध्ये मी 'टाकी' खोडून 'कोठडी' लिहिलं, प्रदीपने मुकाट सही केली. हल्ली जुन्या घरात शिरले की कमानीकडे नंतर बघते. आधी बघते, अडसर कुठल्या बाजूला आहे.